मिक्सर न्यावा की नेऊ नये?

आमचे माहेर लातूरचे, सासर नांदेडचे. दोन्ही घरांतले कोणी ना कोणी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जेद्दा, रियाध, दम्माम किंवा दुबईला राहून आलेले आहे. त्यामुळे कोणी निघाले की सामानाची यादी कशी होते हे आम्हाला पाठ आहे. तिखट, लोणचे, लातूरची तूरडाळ, उन्हाळ्यात केलेले पापड यांवर वाद होत नाही. फक्त वजन करायचे आणि बॅगेत बसेल तेवढे भरायचे. वाद होतो तो विजेच्या वस्तूंवर. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, शिवणयंत्राची मोटर. या वस्तू महाग, जड, आणि बहुतेक वेळा कोणीतरी प्रेमाने दिलेल्या असतात.

या वर्षी ईदनंतर आमची धाकटी बहीण रियाधला निघाली. जावई दोन वर्षांपासून तिथे आहेत, आता कुटुंबाचा व्हिसा मिळाला. रुखसतीच्या वेळी अम्मींनी तिला साडेसातशे वॉटचा मिक्सर दिला होता. तो तिने सोबत न्यावा असा अम्मींचा आग्रह. जावयांचा फोन आला की इकडे सगळे मिळते, ओझे आणू नका. अम्मींनी तिकडच्या मिक्सरबद्दल एका वाक्यात निकाल दिला, "वो ज्यूस का मिक्सर है, उसमें मसाला नक्को बोलता."

अम्मींचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपल्या स्वयंपाकाला लागणारा मिक्सर ही वेगळीच वस्तू आहे. 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाच्या अभियंत्याच्या घरी त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला आणि इथे त्याची दुरुस्ती होईना. परदेशी मिक्सर मऊ फळे, दूध, सूप यांच्यासाठी बनलेला. त्यात भिजवलेली उडीद डाळ, सुके खोबरे, हळकुंड घातले की मोटर दम टाकते. माथूर यांनी मग जास्त ताकदीच्या मोटरचा मिक्सर बनवला. तोच पुढे सुमीत या नावाने घराघरांत गेला. आमच्या लातूरच्या घरीही पाट्यावरवंट्याची सुटी याच नावाने झाली. एका देशाचे यंत्र दुसऱ्या देशाच्या स्वयंपाकात चालत नाही, हे आपल्या घरांना तेव्हापासून माहीत आहे. उलट दिशेने जाताना मात्र आपण ते विसरतो.

आता जावयांची बाजू. भारतात घराघरांत वीज येते ती 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. हर्ट्झ म्हणजे विजेचे एका सेकंदातले ठोके. दुबई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन इथेही जवळपास तसेच आहे: 220 ते 240 व्होल्ट आणि 50 ठोके. तिथे जाणाऱ्याला फक्त प्लग बदलावा लागतो, कारण तिकडे चपट्या तीन पिनांचा इंग्लंडसारखा प्लग चालतो. सौदी अरब मात्र वेगळे. तिथे जुन्या इमारतींत साध्या सॉकेटमध्ये 127 व्होल्ट आणि एसीसारख्या मोठ्या वस्तूंसाठी 220 व्होल्ट, अशी दोन प्रकारची वीज एकाच घरात असते. ठोकेही 50 नाहीत, 60 आहेत. शेजारच्या देशांची वीज सौदीच्या जाळ्याला जोडायची तर मधे अल-फादिली इथे खास केंद्र उभारावे लागले, इतका हा फरक मोठा आहे. सौदी सरकारने 2010 मध्ये ठरवले की 25 वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळीकडे 230 व्होल्ट आणायचे. म्हणून नव्या इमारतीत एक, जुन्या इमारतीत दुसरे, अशी आजची स्थिती आहे. ठोके मात्र 60 च राहणार.

व्होल्टेजचे समजते, ठोक्यांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या घराला एका रमजानमध्ये मिळाले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. चाचा जेद्दाहून आले ते रेडिओ असलेले गजराचे घड्याळ घेऊन. काळ्या काचेवर लाल आकडे. लातूरमध्ये तसे घड्याळ आमच्या गल्लीत कोणाकडे नव्हते, शेजारचे लोक बघायला येत. चाचांनी व्होल्टेज उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मरही आणला होता, त्यामुळे घड्याळ जळायची भीती नव्हती. मार्चअखेरचे दिवस, पहिला रोजा. तरावीहनंतर रात्री बरोबर दहाला घड्याळ लावले, सहरीसाठी चारचा गजर दिला आणि सगळे निर्धास्त झोपले. त्या दिवशी दादींनी आपली जुनी चावीची टाइमपीसही लावली नाही, नव्या घड्याळाचा अपमान नको म्हणून. गजर वाजला, लाल आकड्यांत चार दिसत होते, आणि मशिदीतून फजरची अजान ऐकू येत होती. चुलीवरची खिचडी तशीच राहिली. लहान-मोठ्या सगळ्यांनी तो रोजा पाण्याच्या घोटाशिवाय धरला.

दादा म्हणाले, सौदीचे घड्याळ सौदीचीच वेळ दाखवणार. हसू आले, पण कारण तेवढेच नव्हते. अब्बा ते घड्याळ गंजगोलाईजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो शाळा फारशी शिकलेला नव्हता, पण समजावले मात्र त्याने स्वच्छ. हे घड्याळ विजेचे ठोके मोजते. साठ ठोके झाले की एक सेकंद पुढे जाते. आपल्याकडे सेकंदाला पन्नासच ठोके येतात. म्हणजे एक तास होतो तेव्हा घड्याळात पन्नासच मिनिटे होतात. दहा ते चार हे सहा तास मोजायला त्याला सात तास बारा मिनिटे लागली. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ठोके बदलत नाही. पुढच्या रात्रीपासून दादींची टाइमपीस पुन्हा उशाशी आली आणि लाल आकडे फक्त पाहुण्यांना दाखवायला राहिले.

या वेळी अम्मी आणि जावई यांच्या वादात आम्ही बहिणींनी हाच हिशेब पुढे ठेवला. प्रत्येक वस्तूच्या तळाशी किंवा पाठीमागे एक छोटी पट्टी असते. त्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॉट लिहिलेले असतात. आमच्या शाळेत आठवीच्या मुलींना आम्ही एकदा घरच्या वस्तूंच्या पट्ट्या वाचून आणायला सांगितले होते. मुलींना वाटले हा विज्ञानाच्या तासाचा अभ्यास चुकून भाषेच्या तासाला आला. पण ज्या घरातले वडील किंवा भाऊ आखातात आहेत, त्या घरात ही पट्टी वाचता येणे हेही वाचनच आहे.

मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा चार्जर यांवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असे लिहिलेले असते. तसे असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिन जुळवा. जिथे नुसते 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ लिहिले आहे तिथे थांबून विचार करायचा.

इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड या नुसत्या तापणाऱ्या वस्तू. त्यांना ठोक्यांचे काही नाही, व्होल्टेजचे सगळे आहे. आपली हजार वॉटची इस्त्री 127 व्होल्टवर लावली तर जेमतेम तीनशे वॉटची होते. सुती शेरवानीची चुणी तिने निघत नाही. उलट तिकडची 127 व्होल्टची इस्त्री हौसेने नांदेडला आणून थेट बोर्डात घातली तर तिच्यातून तिप्पट वीज जाते आणि कपड्याआधी तीच जळते. पंखा, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र यांच्या मोटरचा वेग ठोक्यांशी बांधलेला असतो. पन्नास ठोक्यांसाठी बनवलेली मोटर साठवर चालवली की तिची चाल बिघडते. आमचे स्पष्ट मत असे की या वस्तू नेऊच नयेत. तिकडे स्वस्त मिळतात आणि बंद पडल्या तर दुरुस्तीही होते.

मिक्सरची गोष्ट निराळी. त्याच्या मोटरला कार्बनचे ब्रश असतात. अशी मोटर ठोके मानत नाही, पन्नासवर चालते तशी साठवरही चालते. तिला व्होल्टेज मात्र पुरेसे हवे. 127 वर ती फिरते, पण नुसती गुणगुणते. ओले खोबरे टाकले की अडते, तापते आणि जळका वास सोडते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण साडेसातशे वॉटच्या मिक्सरला पुरेल असा घ्यायचा तर तो मिक्सरहून जड भरतो. अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी आपल्याच कंपन्या 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात, तिकडे निघालेल्यांनी तोच घ्यावा, वाद नको.

म्हणजे प्रश्न उरला एवढाच: रियाधच्या त्या स्वयंपाकघरात 220 व्होल्टचा पॉइंट आहे का? आम्ही जावयांना सांगितले, बोर्डाचा फोटो पाठवा. फोटो आला. दिवाणखान्यात दोन चपट्या भोकांची सॉकेट, स्वयंपाकघरात एक तीन चपट्या भोकांचे. आकारावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. जावयांनी इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघितले. दिवाणखान्यात 127, स्वयंपाकघरात 220. अम्मींचा चेहरा खुलला.

पण इथेच आम्ही एक गोष्ट अडवून धरली, आणि तिचे कारण आमच्या खालांची मुलगी आहे. काही वर्षांपूर्वी ती जेद्दात असताना जुना स्टीलच्या अंगाचा मिक्सर वापरायची. इथली तीन पिनांची टॉप तिकडच्या बोर्डात बसेना म्हणून कोणीतरी अर्थिंगची पिन कापून दिलेली. एके दिवशी बटण बंद करून तिने ओल्या हाताने मिक्सर पुसायला घेतला आणि असा झटका बसला की ती भांड्यासकट मागे पडली. कोपराला मार लागला, बाकी अल्लाहने वाचवले. बटण बंद असताना झटका कसा, हे तिला कळेना. ते आम्हाला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावले. आपल्याकडे दोन तारांपैकी एकच जिवंत असते. बटण तीच तोडते, म्हणून बटण बंद म्हणजे वस्तू बंद. तिकडच्या जुन्या घरांत 220 व्होल्ट मिळतात ते दोन जिवंत तारांमधून. एकेरी बटण त्यांतली एकच तार तोडते, दुसरी वस्तूपर्यंत आलेलीच राहते. आत कुठे गळती असेल आणि अर्थिंग नसेल, तर बंद मिक्सरही झटका देऊ शकतो.

तेव्हा अट अशी ठरली. अर्थिंगची पिन कापायची नाही. तारेला तिकडच्याच इलेक्ट्रिशियनकडून तिकडचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्यायचा. अर्थिंगच्या भोकात काडी किंवा पेन खुपसून दोन पिनांचा प्लग आत ढकलायची जी सवय अनेक घरांत दिसते, ती नको. आणि भांडे काढण्याआधी, पुसण्याआधी, पात्याला हात लावण्याआधी नुसते बटण नाही, प्लगच बाहेर ओढायचा. धाकटी म्हणाली, एवढे नियम तर निकाहनाम्यातही नव्हते.

इस्त्री आमच्याकडे नांदेडला आली. टेबल फॅन लातूरलाच राहिला, तशीही उन्हाळ्यात वीज गेली की तो बंदच असतो. मिक्सरचे यंत्र कपड्यांत गुंडाळून बॅगेत गेले आणि त्याच्या भांड्यांत वाया न जाणारी जागा म्हणून वेलची, दालचिनी भरली. अम्मी खसखसही भरणार होत्या. ती आम्ही काढून घेतली. सौदी आणि दुबईत खसखशीला बंदी आहे, तिच्या एका पुडीपायी लोक तुरुंगात गेले आहेत. भगिनींनो, यादीतून मिक्सर राहिला तर चालेल, पण ही पुडी चुकूनही जाऊ देऊ नका.

जावयांचेही एक म्हणणे नोंदवले पाहिजे. आता रियाध-जेद्दाच्या मोठ्या दुकानांत भारतीय मिक्सर मिळतात, तिथल्या विजेला जुळणारे. नवे घर मांडणाऱ्याने आणि हातात पैसे असलेल्याने तेच घ्यावे. ज्याच्याकडे चांगला मिक्सर आधीच आहे आणि पहिल्या महिन्यात भाडे, इकामा यांतच पगार जाणार आहे, त्याने मात्र तपासून न्यावा.

धाकटीने पोहोचल्यावर आठवड्याभरात शेंगदाण्याची चटणी वाटली आणि व्हिडिओ कॉल लावला. अम्मींनी चटणीकडे पाहिलेच नाही. "पहले प्लग दिखा," म्हणाल्या. प्लग काढून ओट्यावर ठेवलेला होता. आता तिच्या शेजारची केरळची बहीण दर गुरुवारी रात्री भिजवलेली उडीद डाळ घेऊन येते, कारण तिच्या घरच्या ज्यूसवाल्या मिक्सरने पीठ फुगेल असे वाटले जात नाही. धाकटी तिला एका वेळी पाच मिनिटांच्या वर मिक्सर चालवू देत नाही. मधे मोटर थंड होईपर्यंत दोघी चहा पितात.