काचेवरून पाण्यात

एलटीसीच्या फॉर्मवर ‘अंदमान’ लिहायची नव्वदच्या दशकात बाबांच्या बँकेत लाटच आली होती. एक कुटुंब जाऊन आलं की त्यांचा अल्बम शाखाभर फिरायचा आणि पुढच्या सुट्टीत आणखी दोन कुटुंबं निघायची. आमचा नंबर १९९६च्या एप्रिलमध्ये लागला. माझी आठवीची परीक्षा संपली होती, धाकट्या भावाची पाचवीची. मुंबईहून मद्रासपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे बोट. मद्रासचं चेन्नई व्हायला अजून काही महिने अवकाश होता. बोटीच्या बंक क्लासमध्ये एकावर एक लोखंडी पलंग, कोपऱ्याकोपऱ्यात डिझेलचा वास आणि हातात ताट घेऊन जेवणाच्या रांगेत झुलणारी माणसं. आईला पहिल्याच रात्री बोट लागली. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, गोळ्या झाल्या. हॅडोच्या धक्क्यावर उतरल्यावरही तिला जमीन हलतेय असंच वाटत होतं.

आता मुंबईहून पहाटे निघालं की चेन्नईमार्गे दुपारच्या जेवणाला आपण पोर्ट ब्लेअरमध्ये. २०२४पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम. त्या जुन्या बोटीच्या आठवणीने हळवे होणारे लोक मला भेटतात, पण आईचे ते हाल पाहिलेत, त्यामुळे मला तो प्रवास परत नको. डेकवरून दिसलेले उडते मासे तेवढे विमानातून दिसत नाहीत.

मराठी माणसाचं अंदमान सेल्युलर जेलपासून सुरू होतं, आमचंही तसंच झालं. मूळच्या सात पाखांपैकी उरलेल्या तीन, त्यातल्या एकीच्या टोकाची सावरकरांची कोठडी. बाबा तिथे हात जोडून उभे राहिले आणि मग संध्याकाळपर्यंत फारसं बोलले नाहीत. वर गच्चीवरून खाली निळाशार समुद्र दिसतो. अशा जागेवरून तो इतका सुंदर दिसावा, हे तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आताही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जॉली बॉय. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर वंडूर आहे. तिथल्या पंधरा बेटांचं आणि भोवतालच्या पाण्याचं मिळून १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्यातलं हे एक छोटं, निर्मनुष्य बेट. बेटाला धक्का नव्हता. मोठी बोट अलीकडे थांबायची आणि काचेच्या तळाच्या लहान होड्या येऊन माणसांना किनाऱ्यावर न्यायच्या. होडीच्या मधोमध लाकडी चौकट, तिच्या तळाशी काच, दोन्ही बाजूंना बाकडी. काच चरे पडून धुरकट झालेली आणि कडेने हिरवं शेवाळ. बाकड्यावर दाटीवाटीने बसलेली पंधरा-वीस माणसं एकदम वाकली की काचेपेक्षा डोकीच जास्त दिसत. ‘अहो, जरा मागे व्हा’, ‘ताई, आमच्या मुलाला बघू द्या’ असं चाललेलं. तरीही काचेखाली जे आलं त्याने सगळे गप्प झाले. जांभळ्या टोकांच्या फांद्याच फांद्या, होडी पुढे सरकेल तशा संपतच नव्हत्या. मध्येच मेंदूसारख्या वळ्यांचे पिवळसर गोळे, बशीसारखे पसरट थर आणि त्यांच्या आतबाहेर करणारे निळे, काळे-पांढरे, पिवळे मासे. होडीवाला हिंदीत ‘वो देखो ब्रेन कोरल, वो देखो फिंगर कोरल’ एवढंच सांगायचा. समुद्रफुलाच्या गोंड्यात लपणाऱ्या नारिंगी माशाला तेव्हा आमच्या लेखी नाव नव्हतं. २००३मध्ये तो सिनेमा आला आणि आता कुठल्याही होडीत चार वर्षांचं मूलही ‘निमो!’ म्हणून ओरडतं.

साध्या होडीतून समुद्राचा तळ नीट का दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. पाणी कितीही नितळ असलं तरी त्याचा पृष्ठभाग सतत हलत असतो, उजेड त्यावर मोडतो, चकाकतो. काच पाण्याला चिकटून बसते आणि ती हलती पातळीच मधून काढून टाकते. सूर्य डोक्यावर आला की तळापर्यंत उजेड पोचतो, म्हणून ऐन दुपारची फेरी सगळ्यात चांगली.

किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र आमच्या गटाचे दोन भाग झाले. पुरुष आणि मुलगे बनियन-चड्डीवर पाण्यात उतरले. भाड्याचे मास्क मोजकेच. एकाने काढला की समुद्राच्याच पाण्यात खंगाळून दुसऱ्याने लावायचा. तोंडात धरायच्या नळीला जुन्या रबराचा वास. बायका झाडाखाली पिशव्या, घड्याळं आणि चपला सांभाळत बसल्या. कुणी निऱ्या वर खोचून घोट्याइतक्या पाण्यात गेली, फोटो झाला, परत आली. मी तेरा वर्षांची होते. ‘ओले कपडे अंगाला चिकटतील, एवढी माणसं आहेत’ म्हणून मलाही झाडाखाली बसवलं. कुणी रागावून नाही, अगदी सहज. त्या गटातल्या एकाही बाईने ‘मलाही जायचंय’ म्हटलेलं आठवत नाही. आईने मात्र परतीच्या बसमध्ये बाबांना विचारलं होतं, ‘अहो, पण आत नेमकं कसं दिसतं?’ बाबा म्हणाले, ‘अगं, सगळंच असतं.’ तिने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ‘हात पुढे केला की मासे बाजूला होतात.’ एवढंच. सांगायचं नव्हतं असं नाही, त्यांना ते सांगताच येत नव्हतं.

पुढे बरीच वर्षं अंदमान आमच्या घरात असं तुकड्यातुकड्यांनी राहिलं. विसाच्या लालसर नोटेच्या मागे पोर्ट ब्लेअरजवळच्या किनाऱ्याचं आणि दीपस्तंभाचं चित्र यायचं, ते बाबा आल्यागेल्याला दाखवायचे. २०१९च्या नव्या नोटेवर आता आपलं वेरूळ आलंय. शेजारी अंदमानला जाऊन आलेल्यांच्या शोकेसमध्ये प्रवाळाची पांढरीशुभ्र फांदी असायची. खाली मखमलीचा तुकडा, बाजूला ताजमहाल आणि कथकली. तेव्हा ते सर्रास मिळायचं. २००१मध्ये प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जागा मिळाली आणि ते थांबलं. त्या पांढऱ्या रंगाचं सगळ्यांना केवढं कौतुक! तो सांगाड्याचा रंग आहे, जिवंतपणी ते जांभळं किंवा तपकिरी असतं, हे आम्ही काचेतून पाहूनही दोन्हीचा मेळ घातला नव्हता.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. आई-बाबा, मी, नवरा आणि सातवीतली मुलगी. बाबांची बायपास झालेली, त्यामुळे गर्दीची बोट आणि वंडूरची लांबची फेरी नको होती. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर, भरतपूरच्या किनाऱ्याला काचेच्या तळाची अख्खी होडी फक्त आपल्यापुरती घेता येते. या बेटावरची गावं सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली आणि पोर्ट ब्लेअरला भाजीही इथूनच जाते. होडीवाला तिशीतला, इथेच जन्मलेला. निघायची वेळ आम्ही ठरवायची नव्हती, ती भरती-ओहोटीने ठरवली. ओहोटीला इथे पाणी इतकं उतरतं की होडी प्रवाळावर घासते, म्हणून भरतीची वाट पाहायची.

होडी आपली एकट्याची असली की काय फरक पडतो, हे मला त्या दिवशी समजलं. बाबांना हाताला धरून, घाई न करता चढवता आलं. काच स्वच्छ होती आणि तिच्याभोवती आम्ही पाचच. बाबांनी ‘इथे थांबव’ म्हटलं की होडीवाला इंजिन बंद करायचा. एका राक्षसी शिंपल्यावर आम्ही कितीतरी वेळ थांबलो. त्याची जाड, निळी, ठिपक्याठिपक्यांची कड पाण्याबरोबर हलत होती आणि होडीची सावली पडली की तो हळूच मिटायचा. १९९६मध्ये असा शिंपला दिसला असता तरी पुढच्या क्षणी काचेखालून निघून गेला असता.

पण त्या शिंपल्याच्या आजूबाजूला जे दिसलं ते पाहून बाबा म्हणाले, ‘हे असं नव्हतं गं.’ करड्या, मोडक्या फांद्यांचे ढीग, सरपणाची मोळी सोडून टाकावी तसे. त्यावर शेवाळ. मधूनमधून जिवंत गोळे, काही ठिकाणी नवीन फुटलेल्या बोटभर फांद्या, आणि मासे. मासे अजून पुष्कळ आहेत. जॉली बॉय आणि नील ही दोन वेगळी बेटं, तेव्हा नुसत्या आठवणीवरून तुलना करणं बरोबर नाही, हे मला कळतं. म्हणून होडीवाल्याला विचारलं. त्याने २०१०चा उन्हाळा सांगितला. तो तेव्हा शाळेत होता. एप्रिल-मेमध्ये पाणी अंगाला गरम लागत होतं, आणि बघता बघता सगळं पांढरं झालं. त्याच्या वडिलांना वाटलं, कुणी चुना टाकला की काय.

यापुढचं आजोबांना नातीने सांगितलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो चुन्याचं घर बांधून राहणाऱ्या इवल्या प्राण्यांचा समूह. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना रंग देतं आणि बहुतेक अन्नही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्राणी ते शैवाल बाहेर टाकतो, आणि पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लवकर पाणी निवलं तर शैवाल परत येतं, नाहीतर प्राणी उपाशी मरतो. अंदमानात हे १९९८मध्ये झालं, २०१०मध्ये फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६मध्येही झालं. मध्ये २००४ची त्सुनामी. ती आणणाऱ्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीनच सुमारे एक मीटर खचली. वंडूरच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याने मेलेली मोठमोठी झाडं आडवी पडली. आम्ही गेलो तेव्हा, १९९६मध्ये, यातलं काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे त्या चरे पडलेल्या काचेतून आम्ही जे पाहिलं ते भरात असलेलं होतं. आम्हाला ते रोजचंच वाटलं.

आणि मग आई उठली. साठी उलटल्यावर तिने महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला नाव घातलं होतं, त्यामुळे पाण्याची भीती केव्हाच गेली होती. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, वर लाइफ जॅकेट, केस गच्च बांधलेले. बाबांना होडीवाल्याने नम्रपणे नाही म्हटलं होतं, हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना ते नेत नाहीत. ते काचेपाशी बसून राहिले. शिडीवरून आधी मुलगी उतरली, मग मी, मग आई. होडीवाला तिला ‘मासीमा’ म्हणत होता. ‘मासीमा, नाक भूल जाओ, साँस मुँह से.’ पहिल्यांदा तिने डोकं लगेच वर काढलं. दुसऱ्यांदा मास्कमध्ये पाणी शिरलं. मास्कच्या कडेत अडकलेली केसांची बट मी काढली, पट्टा घट्ट केला, आणि तिसऱ्यांदा ती रिंग धरून खाली तोंड करून राहिली ती राहिलीच.

मी तिच्या शेजारी होते. पाण्याखाली मला कुटकुट असा बारीक आवाज येत होता. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडत होते. एक मासा वळला आणि त्याच्या मागे पांढऱ्या वाळूचा झोत सुटला. आईने माझा दंड घट्ट धरला आणि बोटाने दाखवलं. आपण ज्या वाळूवर चालतो तिच्यातली बरीचशी अशी माशांच्या पोटातून आलेली असते. मला ते वाचून माहीत होतं, ती ते बघत होती.

एक गोष्ट माझ्या मनाला लागली, ती सांगते. आमच्या घरातल्या बायकांना समुद्रात उतरायची मुभा मिळाली ती समुद्राचे रंग उतरल्यावर. १९९६मध्ये आई चाळिशीत होती, निरोगी होती, आणि काही हातांवर तो जांभळा फांद्यांचा बहर होता. कुणी तिला फक्त ‘चल’ म्हणायला हवं होतं. माझ्या मुलीला कुणी झाडाखाली बसवत नाही, या गोष्टीचा मला खूप आनंद आहे. पण तिने आणि तिच्या आजीने जे पाहिलं ते उरलेलं आहे, हेही मी विसरू शकत नाही. जॉली बॉयला आता रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. वंडूरला प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. या गोष्टी चांगल्याच आहेत. तापणाऱ्या पाण्याला मात्र धक्क्यावरचा कुणी अडवू शकत नाही.

आई वर आली तेव्हा कपाळावर आणि गालांवर मास्कचे लाल वळ उठले होते. बाबांनी टॉवेल पुढे केला आणि विचारलं, ‘काय दिसलं?’ आणि ती सांगायला लागली. पोपटमाशाचा आवाज, वाळूचा झोत, काळ्या लांब काट्यांचा समुद्री साळिंदर एका खबदाडीत कसा बसला होता, एक समुद्रकाकडी, दोन नारिंगी मासे आणि त्यातला मोठा तिच्या मास्कपर्यंत येऊन कसा अंगावर आला, थंड पाण्याचा एक पट्टा मध्येच पायांना कसा लागला. होडी किनाऱ्याला लागली, बाबा उतरले, आम्ही शहाळी घेतली, तरी ती सांगतच होती. बाबा मधे मधे विचारत होते, ‘केवढा? हाताएवढा?’

शहाळं संपवून ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी जॉली बॉयलाच जायचं. मे महिन्यात नको, जानेवारीतच. आणि माझ्यासाठी मास्क वेगळा घ्या, हा नाकावर फार बसतो.’