टॅबलेट पालथा ठेवा पाहू!



तुमच्या शाळेत टॅबलेट आलेत का? आमच्याकडे आलेत. मुलं २८ आणि टॅबलेट ६! त्यावर चित्रं नि मजकुराची पानं करून वर्गाला दाखवायची, म्हणजे प्रेझेंटेशन करायचं, तर अ‍ॅप कोणतं घ्यावं? मी आणि माझ्या चौथीच्या मुलांनी मिळून तीन अ‍ॅप पारखली. विषय सगळ्यांना एकच: 'आपल्या गावची जुनी विहीर'.

आधी एक गंमत सांगते हं. पहिलं पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी आलं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी सहकाऱ्यांसोबत ते घडवलं. त्यात रंग नव्हते की उड्या मारणारी अक्षरं नव्हती. पानं पारदर्शक फिल्मवर छापून भिंतीवर दाखवायची. बाकी सगळं बोलणाऱ्यानेच सांगायचं!

आता आमची परीक्षा ऐका. पहिल्या गटाच्या अ‍ॅपमध्ये तयार नक्षी ढीगभर. अक्षरं गिरक्या घेत आली, टाळ्या पडल्या. मी विचारलं, "विहीर किती खोल आहे रे?" सगळे गप्प! सगळा तास रंग निवडण्यातच गेला होता. दुसऱ्या गटाचं अ‍ॅप नेट गेलं की अडून बसायचं. आणि आमच्या गावात नेट म्हणजे वळवाचा पाऊस!

तिसऱ्या गटाने गुगल स्लाइड्स घेतलं. फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवली, तर नेटशिवायही काम चालतं. या गटाने नक्षीच्या नादी न लागता एका पानावर एक फोटो आणि एकच ओळ ठेवली. त्यात एक मुलगी होती. वर्गात तिचा आवाज क्वचितच ऐकू येतो. तिने आजोबांना विचारून लिहिलं होतं, 'आमची विहीर सात परस.'

"परस म्हणजे काय गं?" मुलांनी विचारलं. पानावर उत्तर नव्हतं. ती पुढे आली, दोन्ही हात उंच केले आणि म्हणाली, "असा उभा माणूस म्हणजे एक परस. अशी सात माणसं एकावर एक!" मग तिने मोट सांगितली, मोटेचे बैल सांगितले. टॅबलेटचा पडदा केव्हाच विझला होता, पण कोणाचं लक्षच नव्हतं.

तेव्हापासून आमची पारख ठरली. अ‍ॅप नेटशिवाय चालतं का? जोडाक्षरं नीट उमटतात का? आणि सर्वांत महत्त्वाचं, टॅबलेट पालथा ठेवला तरी मूल पाच मिनिटं बोलू शकतं का?

आईबाबांनो, मुलाची पानं पाहून "वा, छान!" जरूर म्हणा, पण लगेच एक प्रश्नही विचारा.

आणि मुलांनो, या रविवारी घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर तीन पानं करा. टॅबलेट नसेल, तर पाठकोरे कागद आहेतच की! मग ती पालथी ठेवा आणि आजी-आजोबांना सगळं सांगा. जमेल ना?