मम्मी, मला सिस्टर व्हायचंय

तुमची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून असं म्हणाली, तर तुम्ही काय कराल? मी गॅस बंद केला आणि विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?" मला वाटलं, प्रेमभंग झाला असणार. आईचं डोकं असंच चालतं.

आम्ही मूळचे वसईचे. ह्यांच्या नोकरीमुळे गाझियाबादला आलो, वैशालीत राहतो. मुलगी एकुलती एक, चोवीस वर्षांची. नर्सिंग झालंय, नोकरीही आहे. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत या ओढीला 'पाचारण' म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं. शेजारच्या घरी पाचारण आलं की आम्ही हार घेऊन जातो. माझ्या घरी आलं, तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली आणि म्हणाली, "मम्मी, मलाही भीती वाटते." मला हे अपेक्षितच नव्हतं. मी समजत होते, तिचं सगळं ठरलंय. पण तिच्याकडे भीतीची यादीच होती. वॉर्डात बाळ हातात घेतलं की तिला स्वतःचं मूल हवंसं वाटतं. पुढे पस्तावा झाला तर? तू आजारी पडलीस तर मला सोडतील का? शेवटी ती हळूच म्हणाली, "दीड वर्ष बोलले नाही, तुझ्या तोंडाकडे बघून." तिच्या भीतीत माझाच वाटा मोठा होता, हे ऐकायला बरं वाटत नाही.

रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही एका वयस्कर सिस्टरना भेटलो. त्या केरळच्या, हिंदीतच बोलायच्या. मुलीचं सगळं ऐकून त्या हसल्या. "डर है तो अच्छा है. सोच-समझ के आओगी."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला वसईत इतकी वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मुलगी आत गेली की दार बंद. तसं नसतं. चर्चच्या कायद्यानुसार सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांच्या आधीचा शिक्षणाचा काळ, सुरूच करता येत नाही. तो निदान 12 महिन्यांचा असतो आणि त्यात मुलगी कधीही घरी परतू शकते. पुढची व्रतंही आधी ठरावीक मुदतीची असतात. अशी किमान 3 वर्षं गेल्यावरच कायमच्या व्रतांचा प्रश्न येतो आणि त्याआधी मुदत संपली की निघून जायला मोकळीक असते. हिशेब केला तर कमीत कमी चार वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरवताना आम्ही मुलाला चार वर्षं पारखलं असतं का? दोन बैठकांत सुपारी फोडली असती!

आणि एक गोष्ट आहे. संस्थासुद्धा 'नाही' म्हणू शकते.

घरी येताना मला आमच्या संत गोन्सालो गार्सियाची आठवण झाली. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे. लहानपणापासून आम्हाला एवढंच सांगितलेलं की 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यात आपला वसईचा माणूस होता. 1862 मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. पण त्यांची आधीची वर्षं कुणी फारशी सांगत नाही. कोवळ्या वयात ते जेझुइट फादरांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली राबले. त्या संघात यायची इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, चांगला केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. 1593 मध्ये पुन्हा जपानला गेले, ते दुभाषा म्हणून.

मी हे मुलीला सांगितलं. तिला क्रुसाचं काही वाटलं नाही, व्यापाराचं वाटलं. "म्हणजे मध्ये दुसरं काही केलं तरी चालतं?" तिने विचारलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला.

ह्यांनी अजून होकार दिलेला नाही. ते जेवताना गप्प असतात आणि मध्येच म्हणतात, "म्हातारपणी पाणी कोण देणार?" मी उत्तर देत नाही, कारण माझ्याकडेही ते नाही. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा परदेशी गेला असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही ओळखीचा असेल.

गेल्या आठवड्यात ती दहा दिवसांसाठी सिस्टरांच्या मठात राहायला गेली, नुसतं बघायला. नोकरी सोडलेली नाही, रजा काढलीय. परवा रात्री फोन आला. पहाटे पाचला उठावं लागतं, डाळ फार पातळ असते, प्रार्थनेत डुलकी लागते.

"भीती गेली का?" मी विचारलं.

"नाही गं. पण आता झोप लागते."

मग तिने विचारलं, पप्पा जेवले का. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि भांडी घासायला उठले.