दुसरा टाका

पहिला टाका कुणीही घालतो. बारा वाजताच्या जागी सुई दान मिळालेल्या बुबुळाच्या कलमातून न्यायची, रुग्णाच्या बुबुळाच्या कडेत उतरवायची, गाठ मारायची. खरी परीक्षा समोरच्या टाक्याची, सहा वाजताच्या. तो जरासा बाजूला सरकला तर उरलेले चौदा कितीही सुबक घाला, कलमाचा पीळ जात नाही. बाज विणताना पहिलीच सुतळी तिरकी ओढली गेली, तर पुढे कितीही नेटाने विणा, बाज तिरकीच. बुबुळरोपण करणाऱ्या सगळ्यांना हे पाठ असतं. तरी दुसरा टाका घालताना अजून माझा श्वास अडकतो.

अडकायचा, असं म्हणायला हवं. गेल्या वर्षापासून मुख्य खुर्चीत माझी विद्यार्थिनी बसते आणि मी शेजारच्या भिंगातून बघतो. उजव्या हाताला बारीक कंप आला आहे. चहाचा कप धरताना कुणाला दिसणार नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली लपत नाही. तिचा हात माझ्या त्या वयातल्या हातापेक्षा चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

आमचा वाद टाक्याच्या ओढीवरून होतो. बुबुळाची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात टाका नव्वद टक्के खोल जायला हवा. खोली डोळ्याला दिसते, शिकवता येते. ओढ दिसत नाही. गाठ मारताना डोळा मऊ असतो, पुढचं पाणी निघून गेलेलं असतं. नंतर आत पाणी भरलं की डोळा ताठ होतो आणि मघाशी बेताची वाटलेली गाठ काचू लागते, नाहीतर ढिली पडते. म्हणजे बांधायचं मऊ डोळ्यावर आणि हिशेब धरायचा ताठ डोळ्याचा. केसाहून बारीक नायलॉनच्या दोऱ्यावर हा अंदाज बोटांनी घ्यायचा. ती म्हणते, ‘‘सर, पुरे.’’ माझी बोटं म्हणतात, अजून किंचित.

सगळे टाके झाले की आम्ही सेफ्टी पिनचं गोल टोक डोळ्यावर धरतो. बुबुळावर त्याचं प्रतिबिंब पडतं. वर्तुळ आलं तर ओढ सारखी. अंडाकृती आलं तर ज्या दिशेने ते आखूड, त्या दिशेचा टाका घट्ट. तो कापून पुन्हा घालायचा. माझ्या उमेदीच्या काळात वर्तुळ गोल आलं की मी सगळ्या थिएटरला बोलावून दाखवत असे, सिस्टरांना, वॉर्डबॉयला, एकदा तर वीजदुरुस्तीला आलेल्या माणसाला. रुग्ण टेबलावर जागा असायचा आणि माझं कौतुक ऐकत पडायचा. चांगल्या डोळ्यांच्या वक्रतेचे रंगीत नकाशे मी कपाटात जपून ठेवलेत. त्यातल्या कित्येकांचे चेहरे आठवत नाहीत, नकाशे आठवतात.

७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमौत्समध्ये चुनकळीने डोळे जळालेल्या एका मजुरावर पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं. आमच्यासारखा दोरा त्यांच्याकडे नव्हता, त्यांनी कलम वरूनच आवरून धरलं. तरी एका डोळ्यातलं कलम स्वच्छ राहिलं. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो आणि सांगताना मनात थोडा खट्टूही होतो.

आता परिषदांत सगळीकडे फक्त आतला पातळ थर बदलायच्या चित्रफिती. हवेचा बुडबुडा सोडला की थर चिकटतो, टाक्याचं काम नाही. शस्त्रक्रिया देखणी आहे, नाकारत नाही. पण मुळशीच्या खाचरात भाताची पात लागून बुरशीचा व्रण झाला आणि डोळ्यात फूल पडलं, तर डाग पुढच्या जाड थरात असतो. तिथे आतला थर बदलून काय होणार? तिथे शिवावंच लागतं. आणि शिवणार कोण? मोतीबिंदू बिनटाक्याचा झाल्यापासून मुलांची अख्खी पिढी सुई न धरताच सर्जन झाली. सलग एकच दोरा फिरवणाऱ्यांचंही मला पटत नाही. शिवण दिसते सुंदर, पण तो दोरा एका जागी तुटला की सगळी उसवते. सुटा टाका ढिला झाला तर तेवढाच काढता येतो. पौडच्या पुढच्या माणसासाठी मी सुटेच टाके घालीन.

शस्त्रक्रियेआधीच्या तयारीची यादी सहकाऱ्यांना ठाऊक आहे: डोळ्याचा दाब, सोनोग्राफी, अश्रूपिशवी, साखर. मुळशीच्या रुग्णांसाठी आम्ही त्यात दोन गोष्टी वाढवल्या. एक, फोन नंबर दोन हवेत, त्यातला एक रेंज असलेल्या गावातल्या नातेवाइकाचा. दान मिळालेलं बुबुळ साध्या द्रावणात चारच दिवस टिकतं, आणि नेमका तेव्हाच ताम्हिणीकडचा माणूस फोनवर सापडत नाही. दोन, खोकला. जुनं बुबुळ कापून काढल्यावर नवं बसेपर्यंत डोळा वरून सताड उघडा असतो. त्या वेळी आलेली एक ढास डोळा घालवू शकते. राब भाजायच्या दिवसांत धुराने निम्म्या खोऱ्याला खोकला असतो.

खरी लढाई पुढे असते. कोळवण खोऱ्यातल्या एक मावशी भर लावणीत म्हणाल्या, ‘‘डाक्टर, डोळा तुमचा, पर खाचर माझं.’’ त्यांना काय सांगणार? चिखलाचं पाणी डोळ्यात नको, चुलीचा धूर नको, रात्री पट्टी लावून निजा, थेंब महिनोन् महिने चालू ठेवा. एसटी चुकली की तपासणी चुकते, तपासणी चुकली की थेंब संपतात. टाका ढिला झाला की डोळ्यात खुपतं, माणसाला वाटतं कुसळ गेलं, आणि जिभेने कुसळ काढून देणारं गावात कुणीतरी असतंच. माझी विद्यार्थिनी अशा रुग्णांना स्वतः फोन करते. मी कधी केला नाही, ते काम मला सर्जनचं वाटत नसे. तिच्या टाक्यांची ओढ मला अजून कमीच वाटते.

तिच्या हाताखालून गेलेल्या मुळशीकरांना ती फोनवर सांगते तेच माझंही सांगणं आहे. टाके वर्षभराने निघाले तरी ती कड जन्मभर कच्चीच असते. लाकूड फोडताना, झोडणीला आणि गुरांच्या शेपटीजवळ चष्मा घाला. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर चिठ्ठीवरच्या तारखेची वाट बघू नका, शस्त्रक्रियेला दहा वर्षं झालेली असली तरीही. आणि ज्यांचे डोळे अजून धड आहेत त्यांनी भाताची पात लागल्यावर दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यातल्या स्टेरॉइडवर बुरशी पोसते. आधी दाखवायला या, पाऊस असला तरी.