ताई, हे तीन सिनेमे बघ

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "जिद्दीचे सिनेमे नको सांगूस रे. शेवटी सगळे जिंकतात, टाळ्या वाजतात. इथे चार महिने झाले, ह्यांची उजवी मूठ अजून वळत नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुझं बोलणं मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं खरं आहे. पण मला जे सिनेमे खरोखर जवळचे वाटतात, त्यांत जिंकणं हा मुद्दाच नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' आपण २००४ साली बरोबर पाहिला होता. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून आपण कौतुकाने गेलो होतो. आठवतं ना? कोकणातला परशा, दोन्ही डोळ्यांत कॅन्सर. डोळे काढले तरच पोर वाचणार. अरुण नलावडे यांचे आजोबा शहरातल्या त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या चढतात-उतरतात, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहतात. आजाराशी घासाघीस करता येत नाही, हे त्यांना कळून चुकतं. मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात. सगळीकडे धावाधाव. म्हातारा पोराला घेऊन पळाला, असंच सगळ्यांना वाटतं. तो पळालेला नसतो. डोळे आहेत तोवर पोराला जग दाखवून आणायला गेलेला असतो. संध्याकाळी दोघं परत येतात आणि डॉक्टर संतापतात. मला डॉक्टरांचाही राग येत नाही, त्यांच्या जागी तेही बरोबरच असतात. पण आजोबांच्या हातात तेवढा एकच दिवस होता आणि तो त्यांनी वाया घालवला नाही. पुढे ऑपरेशन होतं, दृष्टी जाते. होडीतून गावी परतणारा, काळा चष्मा लावलेला परशा मात्र घर आलं म्हणून हरखलेला असतो. त्या प्रसंगाला तू माझा हात घट्ट धरला होतास.

दुसरा सिनेमा जपानी आहे, अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू', १९५२ सालचा. वातानाबे नावाचा एक कारकुनी साहेब. जवळजवळ तीस वर्षं त्याने फायलींवर शिक्के मारले. पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर आधी तो कोसळतो, रात्रभर गुत्त्यांतून भटकतो. त्याच्या हाताखालची एक मुलगी ऑफिस सोडून खेळण्यांच्या कारखान्यात लागलेली असते. ती चावीचा ससा टेबलावर चालवून दाखवते आणि म्हातारा त्या सशाकडे बघतच राहतो. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात जातो आणि धूळ खात पडलेला बायकांचा अर्ज बाहेर काढतो. सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग हवी, एवढीच त्यांची मागणी असते. शेवटी बर्फ पडत असताना त्याच बागेतल्या झोक्यावर तो एकटा बसून गुणगुणतो. आजार तसाच असतो, माणूस मात्र पार बदललेला असतो. माझ्या मते याच्या तोडीचा सिनेमा झालेला नाही.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुझ्यासाठी. परेश मोकाशी यांनी हा सिनेमा दादासाहेब फाळक्यांवर केला, पण मी बघतो तो त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंसाठी. सिनेमाच्या नादात फाळक्यांचे डोळे गेल्यात जमा होते. उपचारांनी दृष्टी परत आली आणि ते पुन्हा त्याच वेडाकडे वळले. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसतं, पण त्यामागे कितीतरी दिवस नुसती माती बघत बसावं लागलं असेल! सरस्वतीबाईंनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी घर सांभाळलं, युनिटच्या जेवणाचं बघितलं, कॅमेऱ्याच्या कामातही हात लावला. फाळक्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंची आठवण आपण फारशी काढत नाही, हे मला सलतं.

भाऊजींच्या उशाशी तो पिवळा रबरी बॉल असतो ना, मागच्या वेळी मी बघितलं, तू रोज सकाळी तो त्यांच्या तळव्यावर ठेवतेस आणि त्यांची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटतेस. शंभर वेळा. मोजून. ते करताना तू एक शब्द बोलत नाहीस.

मी रविवारी येतो. लॅपटॉप आणतो, एचडीएमआयची वायरही, म्हणजे टीव्हीला जोडता येईल. 'श्वास' आधी लावायचा की 'फॅक्टरी', ते भाऊजींना विचारून ठेव. स्वयंपाक करू नकोस, डबा घेऊन येतोय.

तुझा,
धाकटा