कोळशाचा तुकडा

१९२१ च्या वसंतात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, गथ्री नावाच्या लहानशा गावी, एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गवतावर पडला होता. कुंपणापलीकडे धाकटा भाऊ खेळत होता. त्याने हाताशी आलेला कोळशाचा तुकडा उगाच कुंपणावरून भिरकावला आणि तो थेट ह्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. मुलाला नौदलाच्या अकादमीत जायचं होतं. अधू डोळ्याला नौदल घेत नाही. मग तो वँडरबिल्ट विद्यापीठात गेला, रसायनांचा अभियंता व्हायचं मनात धरून, आणि तिथे कवितेने त्याला गाठलं. रॉबर्ट पेन वॉरन त्याचं नाव. पुढे कादंबरीसाठी एकदा, १९४७ साली, आणि कवितेसाठी दोनदा, १९५८ आणि १९७९ मध्ये, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. दोन्हींसाठी ते मिळवणारा तो एकटाच.

वॉरनचं सगळं चरित्र पुढे पसरलेलं असताना मी त्या तुकड्यापाशीच थांबले. केवढा असेल? लिंबाएवढा, की बोराएवढा? हातात धरल्यावर बोटांना लागणारी ती काळी चमक, कडेला नखाने उकरलं की सुटणारे पापुद्रे, वजनाने दगडाहून हलका आणि तरी दगडच. दुसऱ्या कुणाला हे वाचताना डोळा दिसेल. मी चंद्रपूरची, मला कोळसा दिसतो.

आमच्या लहानपणी कोळसा सायकलवर यायचा. सायकलवर बसून कुणी येत नसे. सायकल हातात धरून माणूस पायी चालत यायचा. दांडीच्या मधल्या त्रिकोणात एक पोतं, मागच्या कॅरिअरवर आडवी दोन, आणि पॅडल फिरायला जागाच उरलेली नसायची. चढ आला की तो माणूस छातीने हँडल रेटायचा. दारात येऊन हाक मारायचा, “बाई, घेता का? दगड नाही जी यात, पाहून घ्या.” आई पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालचा तुकडा वर काढायची, दुसऱ्या तुकड्यावर आपटायची आणि आवाज ऐकायची. दगड असला की आवाज खणखणीत येतो, कोळसा जरा बसक्या आवाजात बोलतो. मग भावाची घासाघीस. तिच्या हाताला लागलेलं काळं ती नळावर धुवायची, पण नखांच्या कडा तशाच राहायच्या. लग्नाकार्याला जायच्या आदल्या दिवशी लिंबाची फोड घेऊन ती नखं घासत बसलेली मला आठवते.

सिगडी घरीच तयार व्हायची. जुनी लोखंडी बादली, आतून मातीचा लेप, मध्ये सळयांची जाळी, खाली हवेसाठी कापलेलं तोंड. पहाटे ती अंगणात पेटवायची. आधी गोवरीचे तुकडे आणि काड्या, त्यावर कोळशाचे बारके खडे, त्यावर मोठे. पहिला धूर पिवळट, जाड, डोळ्यांत पाणी आणणारा. सगळ्या गल्लीत घरोघरी एकाच वेळी तो धूर निघायचा आणि हिवाळ्यात खालीच बसून राहायचा. शाळेत जाताना पुढच्या मुलीची वेणीसुद्धा दिसत नसे. धूर सरून खडे लाल झाले की दोन्ही कड्यांना फडकं लावून सिगडी आत जायची. दुपारी पोत्याच्या तळाची चुरी शेणमातीत कालवून आजी तिचे गोळे वळायची आणि भिंतीच्या सावलीत ओळीने मांडायची. तिच्या गोळ्यांचा आकार शेवटपर्यंत बदलला नाही. मला त्या कामातलं सगळ्यात आवडायचं ते ओल्या चुरीचं थंडपण. जो पदार्थ पुढे लाल होणार, तो हाताला इतका गार कसा लागतो, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही आणि उलगडून घ्यायची इच्छाही नाही.

आणि खाणीजवळचे ढीग. दगडी कोळशाचा ढीग बराच काळ उघड्यावर पडला, आत हवा शिरत राहिली, की तो आपणहून तापतो. कुणाला काडी लावावी लागत नाही. पावसाळ्यात रस्त्याने जाताना एखाद्या ढिगाच्या कुशीतून पांढरा धूर निघताना दिसायचा. वर पाऊस पडतो आहे आणि आत आग आहे. बाबा म्हणायचे, “आतून पेटला तो.” एवढंच. ते ह्यावर कधी जास्त बोलले नाहीत, खाणीतल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट.

ह्या भागात कोळसा काढायला लागून दीडशे वर्षं झाली. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली, १९०६ साली बंद पडली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. मग बल्लारपूर, मग खुद्द चांद्याच्या वेशीवर लालपेठ. शहराचं नाव तेव्हा चांदाच होतं. चंद्रपूर झालं १९६४ साली. रेल्वेने मात्र एका स्टेशनाला चांदा फोर्ट हेच नाव ठेवलंय आणि गोंदियाकडून येणाऱ्या गाडीत ते नाव ऐकलं की मला बरं वाटतं.

त्या चांद्यात कवी वसंत आबाजी डहाके शिकले. जन्म ३० मार्च १९४२ चा, वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचा, शाळा-कॉलेज इकडचं, नंतर नागपूर विद्यापीठातून १९६६ साली मराठीत एम.ए. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ मासिकात त्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता आली. चोवीस वर्षांचा मुलगा. मराठी कवितेत त्या काळी बंडखोरी पुष्कळ चालली होती, पण ह्या कवितेतली अस्वस्थता वेगळ्याच जातीची होती. रागापेक्षा भयाने भारलेली, आणि त्या भयाकडे डोळे उघडे ठेवून बघणारी. १९७२ साली पुस्तक झालं. पुढे रणजित होस्कोटे आणि मंगेश कुळकर्णी यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. डहाके अमरावतीला आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत राहिले. पत्नी प्रभा गणोरकर स्वतः मोठ्या कवयित्री. दोघांनी जया दडकर आणि सदानंद भटकळ यांच्यासोबत ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ संपादित केला. शेकडो लेखकांचे जन्म, गावं, पुस्तकं, मृत्यू मोजक्या ओळींत बसवायचे, हे काम कवीने करावं ह्याचं मला फार अप्रूप आहे. कवितेइतकीच शब्दांची काटकसर तिथे लागते, आणि टाळी कुणीच वाजवत नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीत पंच्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात भरलं आणि अध्यक्ष होते डहाके. गावात ह्याआधीचं संमेलन १९७९ चं, वामन कृष्ण चोरघड्यांच्या अध्यक्षतेखालचं. पुस्तकांच्या दालनात मी ‘चित्रलिपी’ विकत घेत होते. त्या संग्रहाला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला होता. शेजारी एक गृहस्थ पानं चाळत उभे होते. ते मला म्हणाले, “आपल्या चांद्याचे अध्यक्ष, अन् जंगलावर काहून नाही जी यांचं काही?” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, माया होती. ताडोबाचं जंगल, महाकालीचं देऊळ, गोंडराजांचा परकोट, हे सगळं आपल्या माणसाच्या पुस्तकात दिसावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, पण खरं उत्तर माझ्या मनात खूप नंतर तयार झालं. कवीकडे गावाचं चित्र मागू नये. ज्या गावात वाढलो त्या गावाने डोळा दिलेला असतो. तो डोळा मुंबईच्या गर्दीत काय बघतो ते बघावं.

तसं बघितलं तर आमच्या गावाची पहिली गोष्टच उलटी आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला असता एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा. जिथून जिथून तो पळाला, तिथून तिथून परकोट बांधला गेला, म्हणतात. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा ही चार दारं आजही त्या भित्र्या प्राण्याच्या उलट्या धाडसावर उभी आहेत. जटपुरा दरवाजातून रोज ट्रक, रिक्षा, शाळेची मुलं जातात आणि कमानीत हॉर्नचा आवाज दुप्पट होतो.

आणि लालपेठ. खाणीच्या अंगाला उघड्या रानात प्रचंड पाषाणमूर्ती पडलेल्या आहेत. रायप्पा नावाच्या एका कोमट्याने त्या घडवायला घेतल्या, म्हणतात. शंकराचं थोर देऊळ बांधायचा बेत होता, आणि तो आधीच गेला. दहा मस्तकांची दुर्गा आहे, लोक तिला रावण म्हणतात. आडवी, आभाळाकडे तोंड करून. उन्हाळ्यात त्या दगडावर हात ठेववत नाही. मी कितीदा तरी तिथे गेले आहे. दर वेळी एखादा नवा बोटाचा ठसा, घडवायचा राहून गेलेला एखादा कान किंवा कोपर नजरेला येतं. देऊळ पुरं झालं असतं तर ह्या देवता उभ्या राहिल्या असत्या आणि आपण त्यांना हात जोडले असते. आता आपण त्यांच्याभोवती फिरतो, वाकून बघतो. ‘योगभ्रष्ट’ वाचताना मला ही जागा आठवते.

डहाक्यांच्या पुस्तकांच्या सालांकडे एकदा सलग बघावं. ‘योगभ्रष्ट’ १९७२. पुढचा कवितासंग्रह ‘शुभवर्तमान’ १९८७. मध्ये पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत दोन पुस्तकं आली, ‘अधोलोक’ १९७५ आणि ‘प्रतिबद्ध आणि मर्त्य’ १९८१, आणि दोन्ही कथात्म गद्याची. वॉरनचंही असंच. १९४४ च्या सुमारास त्याची कविता थांबली. छोट्या कविता सुरू व्हायच्या, पुऱ्या व्हायच्या नाहीत. हे दहा वर्षं चाललं, आणि ह्याच काळात, १९४६ साली, ‘ऑल द किंग्ज मेन’ ही कादंबरी आली. मग १९५७ साली ‘प्रॉमिसेस’ हा कवितासंग्रह आला, आणि त्यानंतर तो म्हातारपणापर्यंत कविता लिहीत राहिला, अधिकाधिक चांगली. समीक्षक अशा काळाला पोकळी म्हणतात. मला ते पटत नाही. कादंबरी लिहिणारा कवी कवितेपासून दूर गेलेला नसतो, पण नेमका कुठे असतो हे सांगण्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

वॉरनची पहिली कादंबरी ‘नाइट रायडर’, १९३९ ची. मला ती ‘ऑल द किंग्ज मेन’पेक्षा जवळची वाटते, त्याचं कारण साहित्यिक नाही. ती तंबाखूच्या शेतकऱ्यांची गोष्ट आहे. बड्या तंबाखू कंपनीने भाव पाडले, तेव्हा केंटकी-टेनेसीच्या शेतकऱ्यांनी संघ स्थापन केला, १९०४ साली, ह्याच गथ्री गावात. माल एकत्र ठेवू, एकत्र विकू. जे संघात यायला तयार नव्हते त्यांची गोदामं आणि रोपवाटिका रात्री घोड्यांवरून आलेले लोक उद्ध्वस्त करू लागले. न्याय मागायला निघालेली माणसं अंधारात काय होऊन बसतात, ते वॉरनने लिहिलं. तो जन्मला १९०५ साली, म्हणजे संघ त्याच्यापेक्षा थोडाच मोठा.

तंबाखू म्हटली की आमच्याकडे तेंदूपत्ता. बिडीचं पान गडचिरोलीच्या जंगलातून जातं. मे महिन्यात, ऊन अंगावर आग ओततं तेव्हा, पहाटे अंधारात बायामाणसं पोरांसह जंगलात शिरतात आणि दुपारपर्यंत पानांच्या गाठोड्यांसह परततात. मग मांडवात बसून सत्तर पानांचं एक पुडकं, असं बांधत जायचं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजणी. वर्षानुवर्षं भाव ठेकेदार आणि वनखातं ठरवायचं. २००६ चा वनहक्क कायदा आणि ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू झाल्यावर धानोरा, कोरची, एटापल्लीकडच्या ग्रामसभा आपला पत्ता आपणच लिलावात विकू लागल्या. बाहेरचे व्यापारी गावात येऊन बसतात आणि गाव भाव ऐकतं, बोलतं, नाही म्हणतं. एका गावाने नाही म्हटल्यावर शेजारच्या गावाने काय करायचं, आगाऊ पैसे घेतलेल्या घराने कुणाच्या बाजूने बोलायचं, रात्री बंदूक घेऊन दारात आलेल्याला काय सांगायचं आणि सकाळी आलेल्या पोलिसाला काय, हे सगळं त्या एका महिन्यात घडतं.

मला ह्या सगळ्यावरची कादंबरी वाचायची आहे. तिकडच्याच कुणीतरी लिहिलेली, ज्याने लहानपणी पुडकी बांधली आहेत आणि जो आधी कविता करत होता. मोजणी करणाऱ्या मुन्शीने पानाला भोक आहे म्हणून बाजूला सारलेली पुडकी तिच्यात यावीत, त्यावरून फळीवर झालेलं भांडण यावं, वळवाचा पाऊस वाळत घातलेल्या पत्त्यावर आल्यावर झालेली धावपळ यावी, पत्त्याची पोती, म्हणजे बोद, भरताना रात्रभर जागलेल्या पोरांच्या गप्पा याव्यात, गोंडी आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून बोललेल्या. आणि लिलावाच्या दिवशी मागच्या ओळीत बसलेल्या म्हातारीने भाव ऐकून पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा ती काय म्हणाली, तेही.