पोवळ्याची जागा

मराठी घरात पोवळे तीन वाटांनी येते. पत्रिकेत मंगळ असला की अंगठीतून, वैद्यांनी सांगितले की प्रवाळभस्माच्या पुडीतून, आणि आमच्यासारख्या मराठी शिकवणाऱ्यांच्या घरी कवितेतल्या ओठांच्या उपमेतून. वीसेक वर्षे आम्ही उभयतांनी ही उपमा वर्गात समजावून दिली. पोवळे म्हणजे काहीतरी लाल, घोटीव, मौल्यवान, एवढ्यावर विद्यार्थ्यांचे आणि आमचेही समाधान होत असे. तो एका प्राण्याचा सांगाडा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. ते आठवण्याची वेळ कधी आली नव्हती, इतकेच.

ती वेळ मालवणला आली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, तोंडाला नळी आणि डोळ्यांवर काच लावून, आम्ही दोघे पालथे तरंगलो आणि खाली पाहिले. तपकिरी, हिरवट, फिकट पिवळे खडक होते आणि त्यांच्या फटींतून चिमुकले मासे आत-बाहेर करीत होते. मध्येच एखादा खडक पांढराफटक होता. सोबतचा मुलगा डोके वर काढून म्हणाला, "ह्यां सगळां जितां आसा. पाय ठेवू नकात." परतताना घाट चढता चढता आमचे ठरले: घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय करायचे, आणि त्यात प्रवाळ हवेच.

कोथरूड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. पायाखाली काळा बसाल्ट, डोक्यावर वेताळ टेकडी. येथे समुद्र करायचा तर तो पाण्यापासून करावा लागतो. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे 190 लिटरची. दगड, काच आणि पाणी मिळून पाव टनाच्या घरात वजन जाणार हे कळल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांनी "स्लॅब पेलेल ना?" असे काळजीने विचारले. त्याहून जड पुस्तकांची कपाटे पंधरा वर्षे त्याच स्लॅबवर उभी आहेत. त्यांच्याबद्दल आजवर कुणी चौकशी केली नव्हती.

नळाचे पाणी थेट चालत नाही. त्यातला क्लोरीन आणि विरघळलेले क्षार काढून टाकावे लागतात. शुद्धीकरण यंत्र एक लिटर चांगले पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते. पाणीकपातीच्या शहरात ते बघवेना, म्हणून त्या पाण्यावर फरशी पुसणे आणि कुंड्या सुरू झाल्या. मग मीठ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण ते म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, सल्फेट आणि आणखी कितीतरी द्रव्ये ठराविक प्रमाणात असतात. तयार मिश्रणाची पिशवी आणून न्हाणीघरातल्या पिंपात सहा किलो मीठ ओतले आणि पंप लावून रात्रभर ढवळत ठेवले. सकाळी बोट बुडवून चाखले. खारट होते, समुद्र नव्हते.

समुद्र व्हायला पुढचे पाच-सहा आठवडे लागले. टाकीत चुनखडीचे कोरडे दगड रचले आणि त्यांच्यामागे एक कोळंबी कुजायला टाकली. बाजारात "एकच?" असे विचारून मावशींनी आमच्याकडे जे पाहिले, त्याचे वर्णन करवत नाही. कुजण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातक. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे दोन्ही जिवाणू दगडाच्या छिद्राछिद्रांत वस्तीला आल्याशिवाय मासा सोडणे म्हणजे त्याला मारणे. हे विरजणच आहे, फक्त एका रात्रीत लागणारे नव्हे. रोज संध्याकाळी चाचणीचे थेंब परीक्षानळीत टाकून आम्ही रंग पाहत असू आणि वहीत टिपत असू. अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य अशी नोंद आहे. तिच्याखाली दोघांच्याही सह्या आहेत.

धीर सुटला तो त्याच सुमारास. प्रवाळाची चौकशी करीत आम्ही एका दुकानात गेलो. मालकांनी आतल्या खोलीतून पाण्याने भरलेली पिशवी आणली. आत मुठीएवढे जिवंत प्रवाळ होते; हिरवट, टणक, अंगावर बारीक शुंडकांची लव. "माल समुद्रातला आहे, बिल मिळणार नाही," एवढेच ते म्हणाले. आम्ही इसार दिला आणि दुसऱ्या दिवशी न्यायला येतो असे सांगून घरी आलो.

त्या रात्री कायदा वाचला; आधी वाचायला हवा होता. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सारी प्रवाळे घातली गेली. त्याच अनुसूचीत वाघ आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 साली वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या 18 प्रवाळवसाहती हलवायच्या होत्या, तर सरकारी प्रकल्पालाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. आणि आम्ही ते कर्वे रस्त्यावरून दुचाकीच्या डिकीत घालून आणणार होतो.

या लेखात सर्वत्र 'आम्ही' आहे, पण त्या रात्री ते टिकले नाही. एकाचे म्हणणे असे, की तुकडा तर आधीच तोडला गेला आहे. दुकानात तो मरेल, आपल्याकडे निदान जगेल. दुसऱ्याचे असे, की आपण हा नेला की त्या रिकाम्या पिशवीसाठी उद्या आणखी एक तुटेल. यातली कोणती बाजू कुणाची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण पहाटेपर्यंत बाजू दोनदा बदलल्या. शेवटी इसार सोडला. आपण योग्य केले याचे समाधान मात्र फारसे वाटले नाही. त्या पिशवीतल्या जिवाचे पुढे काय झाले असेल, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि त्याविषयी आम्ही बोलत नाही.

आता टाकीत दोन विदूषकमासे आहेत, तेही समुद्रातून पकडलेले नव्हेत, हौदात जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची बंदिस्त पैदास साध्य केल्याला बरीच वर्षे झाली. हे मासे सारे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. लिंगविचार शिकवणाऱ्यांच्या घरी याहून योग्य पाहुणे कोणते? दगडांवर आधी तपकिरी साय धरली, मग हिरवे शेवाळ आले, मग शंखांनी ते खाऊन साफ केले.

पहिला उन्हाळा कठीण गेला. पाणी सव्वीस अंशांच्या आसपास हवे आणि बाहेर एप्रिल. शीतयंत्र परवडेना, म्हणून पृष्ठभागावर वारा घालणारे दोन छोटे पंखे बसवले. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. शेजारच्या ओट्यावरचा माठही याच न्यायाने गार होतो. मात्र उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोज गोडे पाणी घालून क्षारता जागेवर आणावी लागते. आम्ही त्यासाठी एक नळी थेंबथेंब गळती ठेवली आहे. शेजारच्या आजींनी ती पाहून "अभिषेकपात्र का हो?" असे विचारले. आम्ही हो म्हणालो.

त्या उन्हाळ्यात अंश मोजताना मालवणचा तो पांढरा खडक पुनःपुन्हा आठवत राहिला. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला बहुतेक अन्न देते, आणि बराचसा रंगही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाददुसरा अंश अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल गमावते आणि पांढरे पडते. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जगव्यापी विरंजनाची चौथी लाट जाहीर केली. आमच्या टाकीला दोन पंखे पुरतात. अरबी समुद्राला कोणते पंखे लावणार?

टाकीच्या पुढच्या बाजूला, दिव्याखाली, एक सपाट दगड मोकळा आहे. येणारे विचारतात, इथे काहीतरी हवे होते का? ती पोवळ्याची जागा, असे आम्ही सांगतो.

यंदा वर्गात ती उपमा पुन्हा आली. या वेळी आम्ही थोडे थांबलो आणि सांगितले, की दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, परदेशातून आलेले. ते आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मग आपलं कसं असतं?" तपकिरी, आम्ही म्हणालो. थोडे हिरवट. आणि जिवंत.